पाषाणाचा नंदी आणि दस्तुरीचा घोडा

माथेरानच्या मंडळींनी दोन वर्षांमागे माघ महिन्यात आम्हाला एका रात्रीच्या कीर्तनसेवेस बोलावले होते. त्या डोंगरावर मोटार चालत नाही, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटरची तांबड्या मातीची वाट. ती पायी चालावी, घोड्यावर बसावे, नाहीतर शेजारच्या अमन लॉज स्टेशनातून सुटणारी छोटी आगगाडी धरावी. ही आगगाडी नेरळपासून वर आणली ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, १९०७ साली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती नुकतीच निघून गेली होती. गुडघे आमचे वारीत झिजलेले, बरोबर वीणा, आणि वर मंडळी खोळंबलेली. यजमानांनी घोडा ठरवला, आम्ही बसलो.

तो वाटेचा तुकडा आम्हाला अजून डोळ्यांपुढे दिसतो. एके ठिकाणी मातीतून जांभ्याचा दगड वर आलेला आहे आणि चढ आहे. तेथे घोड्याचा पुढचा पाय घसरला. तो सावरला, पण पुढे जाईना. लगाम धरून चालणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्याने हातातल्या छडीने घोड्याच्या पुठ्ठ्यावर दोन-तीन फटके ओढले. घोडा थरथरला, ती थरथर खोगिरातून आमच्या मांड्यांना कळली, आणि मग तो चढला. आम्ही काही बोललो नाही. बोलावयास जीभ नव्हती असे नाही. उशीर झाला होता, एवढेच.

रात्री कीर्तन झाले. निरूपणात पैठणचा प्रसंग आला. धर्मसभेपुढे ज्ञानदेव उभे, समोरून पखाल वाहणारा रेडा येतो, त्याचेही नाव ग्यानाच. कोणी त्याच्या पाठीवर आसूड ओढतो आणि वळ उठतात ते माउलींच्या पाठीवर. मग रेड्याच्या मुखातून वेद. ही कथा आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो आहोत. कोठे थांबावे, कोठे आवाज उतरवावा, टाळकऱ्यांनी कोठे उचल घ्यावी, सारे बसलेले आहे. त्या रात्रीही मायबहिणींच्या डोळ्यांना पदर लागले.

आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली, तेव्हा एक म्हातारासा गृहस्थ पाया पडून म्हणाला, "महाराज, सकाळी तुम्ही आमच्याच घोड्यावरून आलात म्हणं. पोरगा सांगत होता." आम्ही म्हटले, "होय का? बरे झाले." तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "एक विचारू का? त्या रेड्याचे वळ माउलींच्या पाठीवर उठले, असं तुम्ही सांगितलंत. मग आमच्या घोड्याचे कुणाच्या पाठीवर उठत असतील?"

त्याच्या बोलण्यात खवचटपणाचा लेशही नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यावयाचे होते. आम्ही काहीतरी गोलमाल बोललो, सर्वांभूती एक आत्मा वगैरे, आणि त्याच्या हातावर प्रसाद ठेवून मोकळे झालो. मोकळे कसले! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मूळ प्रश्न असा. आपण महादेवाच्या देवळात जातो तेव्हा आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवतो, शिंगांतून पिंडीचे दर्शन घेतो, कोणी त्याच्या कानात गाऱ्हाणे सांगतो. तो दगडाचा आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. बाहेर येऊन गाडीला जुंपलेल्या बैलाच्या शेपटीला पीळ घालणारा हात तोच. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढून दूध दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात निघाला की काठी घेऊन धावावे. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी, पुढे वर्षभर पराणी. माथेरानात माकडे फार. मारुतीला शेंदूर आणि तेल वाहून परतणारा भाविक हातातली पुडी माकडाने ओढताच दगड उचलतो, हे आम्ही तेथेच पाहिले. निर्जीव प्रतिमेपुढे आपण नम्र आणि त्याच रूपाच्या सजीव प्राण्यापुढे निर्दय, असे का व्हावे? देव दगडात पाहावयास भाव लागतो. प्राण्यात तर चैतन्य स्वतःच डोळे उघडून उभे असते, तेथे कमी भाव पुरावयास हवा. घडते मात्र उलटे.

शास्त्राकडे पाहिले तर उत्तर कडक आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमहामुनी आपल्या मातेला, देवहूतीला, स्पष्टच सांगतात की सर्व भूतांत असलेल्या ईश्वराची अवहेलना करून जो केवळ मूर्तीची पूजा करतो तो राखेत आहुती टाकतो. हे आम्ही पाठशाळेत शिकलो, पुढे शिकवलेही. पण राखेत आहुती टाकणाऱ्या माणसाला आपण ती राखेत टाकतो आहोत हे दिसत कसे नाही, ते काही पोथीत सापडेना.

ते आम्हाला जरा उमगले ते एका शिल्पकाराच्या घरी. त्याच वर्षी फाल्गुनात अलिबागकडे सप्ताहाचे निमंत्रण होते. मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरून जावयाचे ठरले. गेटवेपाशी लाँचची वाट पाहत असता समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा होता. कल्याणचे शिल्पकार सदाशिव साठे यांनी केलेला, २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिलेला. आजवर आम्ही त्या पुतळ्यापुढे किती वेळा हात जोडले असतील, पण नजर नेहमी वर, महाराजांच्या मुखाकडे. त्या दिवशी प्रथमच ती खाली घोड्याकडे गेली.

बरोबरचा एक तरुण कलाशाळेत शिकलेला होता. त्याने जे सांगितले ते वारकऱ्यांनीही ऐकण्याजोगे आहे. दगडात उभे जनावर करणे फार अवघड. चार बारीक पायांवर सगळ्या धडाचा भार येतो, आणि दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही; पाय तडकतात. म्हणून पाथरवट बहुधा बैल बसवतो, नाहीतर उभ्या जनावराच्या पोटाखालचा दगड तसाच भरीव ठेवतो. धातूचे तसे नाही. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचा नमुना करतात, त्याचा साचा घेतात. मेणाच्या रीतीत साच्याच्या आत मेणाचा थर असतो; तापवले की मेण वाहून जाते आणि त्याच्या जागी वितळलेले ब्राँझ बसते. पुतळा आतून पोकळ राहतो. धातू चिवट असल्याने घोडा पाय उचलू शकतो. तरीही शिल्पकाराला पहिल्या दिवसापासून एकच घोर असतो: वर एवढा मोठा स्वार बसणार, हे पाय त्याला पेलतील ना?

वाचकहो, हे ऐकून आमच्या काळजात चर्र झाले. धातूच्या घोड्याविषयी हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर कोणी स्वार बसवीत नाही. दस्तुरीच्या घोड्याविषयी आम्ही तो विचारला नव्हता. भाडे किती, एवढेच विचारले होते.

लाँच मांडव्यास लागली. जवळच सासवणे गाव आहे, विनायक पांडुरंग करमरकरांचे. हे मोठे शिल्पकार १८९१ साली तेथेच जन्मले आणि १९६७ साली वारले. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांच्या हातचे काम पाहिले आणि या खेड्यातल्या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, १९२८ सालचा. मुंबईत ओतलेला तो प्रचंड पुतळा आगगाडीने पुण्यास नेला. म्हणजे माथेरानच्या पायथ्याच्या नेरळ-कर्जतवरून तो बोरघाट चढून गेला! जिवंत घोडी ज्या डोंगरावर ओझी वाहतात त्या डोंगराखालून धातूचा घोडा स्वतः आगगाडीत बसून गेला, असे आमच्या मनात आले आणि हसूही आले.

सासवण्याला त्यांचे घर म्हणजे आता शिल्पालय आहे. माणसांचे पुतळे तेथे पुष्कळ. कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, थोर पुरुष आहेत. आम्ही खिळून राहिलो ते एका म्हशीपुढे. आमचा हात न कळत तिच्या मानेकडे गेला, गोठ्यातल्या म्हशीकडे जातो तसा, आणि मग लाजून मागे घेतला.

म्हशीचेच शिल्प का, हा प्रश्न मनात राहिला. नंदी घडवला तर त्याच्यामागे महादेव आहे. उंदीर घडवला तर वर गणपती आहे. गरुड, मोर, हंस, सगळ्यांच्या पाठीवर कोणी ना कोणी देव बसलेला, आणि आपला नमस्कार खरे पाहता त्या बसलेल्याला असतो. रेड्यावर यम बसतो, म्हणून रेड्याला शिव्या. पण म्हैस! तिच्यावर कोणी बसत नाही. तिचे दूध पिऊनही तिला आपण मठ्ठपणाची उपमा करून ठेवले. अशा प्राण्यापुढे शिल्पकार बसला, त्याने तिची खांद्याची हाडे, कातडीची वळी, डोळ्याखालचा ओलसर भाग मन लावून पाहिला, आणि तिला कोणाचेही वाहन न करता केवळ म्हैस म्हणून घडवले. दुधाचा भाव आणि वेताचा हिशेब बाजूला ठेवून एखाद्याने म्हशीकडे इतका वेळ पाहिले असेल, ही कल्पनाच आम्हाला नवी होती. आमच्या लहानपणी घरी म्हशी होत्या. त्यांच्या डोळ्यांचा रंग कसा होता, हे सासवण्याला उभे राहून आम्हाला आठवेना.

येथे पाठशाळेतली एक गोष्ट सांगतो. व्याकरणात पशू हा शब्द पाहणे या अर्थाच्या धातूपासून साधतात; सर्वांकडे भेद न करता जो सारखे पाहतो तो पशू, असा अर्थ सांगतात. आम्ही पोरे हसलो होतो. गुरुजी म्हणाले, हसू नका, यात निंदा आहे, पशूला विवेक नाही असे म्हणावयाचे आहे. तेव्हा पटले. आता मात्र वाटते, गीतेच्या पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडे सारख्याच दृष्टीने पाहणाऱ्याला पंडित म्हटले आहे. मग जी दृष्टी पंडिताला जन्मभराच्या साधनेने यावयाची ती घोड्याजवळ असेल तर ती निंदा कशी? हे फार ताणू नये हेही कळते. घोड्याची समदृष्टी अजाणतेपणाची, ज्ञान्याची जाणतेपणाची. पण त्या दिवशी चढावर घोड्याने मान वळवून आमच्याकडे पाहिले होते, आणि आम्ही घड्याळाकडे पाहत होतो, एवढे खरे.

मुंबईत या गोष्टीचा एक विलक्षण देखावा एकाच आवारात पाहावयास मिळतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आताच्या जिजामाता उद्यानात, घारापुरीचा दगडी हत्ती आहे. फिरंग्यांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच्यावरून. १८६४ साली त्याला विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जपून जोडले. त्याच बागेत जुना काळा घोडाही आहे. त्यावर पुढे सातवा एडवर्ड झालेला विलायतेचा राजपुत्र बसला आहे. फोर्टातून हा पुतळा १९६५ साली हलवला. गंमत अशी की लोकांनी त्या जागेला राजपुत्राचे नाव कधी दिलेच नाही. घोड्याचे दिले, आणि पुतळा गेल्यावरही ते राहिले. २०१७ साली त्या ठिकाणी नवा घोडा उभा केला, शिल्पकार श्रीहरी भोसले यांचा, आणि त्याच्यावर स्वार नाही. तर राणीच्या बागेत दगडी हत्ती, धातूचा घोडा, आणि त्यांच्यापासून चार पावलांवर पिंजऱ्यांतले जिवंत प्राणी. फुटलेल्या हत्तीचे तुकडे जोडावयास माणूस श्रम घेतो, आणि पिंजऱ्यातला प्राणी झोपला असेल तर त्याने उठून दर्शन द्यावे म्हणून आरडाओरड करतो. आम्ही ती ऐकली आहे.

आता वारकरी म्हणेल, महाराज, आपल्याकडे तसे नाही. आपण तर जिवंत घोड्यालाच वंदन करतो. खरे आहे. माउलींच्या सोहळ्यात अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी. मोकळी म्हणणे चूकच, तेथे माउली बसतात. रिंगणात तो अश्व दौडतो तेव्हा लाखोंच्या तोंडून माउलींचा गजर उठतो आणि त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. दगड नाही, धातू नाही, घाम आलेले, धापा टाकणारे जनावर, आणि त्याला नमस्कार. असा सोहळा आम्हाला तरी दुसरा ठाऊक नाही. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, नाथांनी रामेश्वराच्या वाटेवर तहानेल्या गाढवाच्या तोंडी कावडीतली गंगा ओतली, जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी आपण पूजतो. ज्या संप्रदायाने जनावराची समाधी बांधली त्या संप्रदायातला कीर्तनकार छडीचा आवाज ऐकून गप्प बसला, म्हणून तर आमची झोप उडाली. रिंगणातला घोडा आम्हाला दिसला, कारण त्याच्या पाठीवर माउली होत्या. दस्तुरीच्या घोड्याच्या पाठीवर आम्ही स्वतःच होतो. आपण ज्याच्या पाठीवर बसतो तो आपल्याला दिसत नाही. समोर दिसते ती वाट.

मग घोड्यावर बसूच नये काय? असे म्हणणारे पुष्कळ भेटले, विशेषतः शहरात. त्यांना माथेरान दाखवले पाहिजे. तेथे शेकडो संसार घोड्यावर चालतात. घोड्याला रोज चंदी लागते, नाल लागतात, पावसाळ्यात धंदा बसला तरी त्याचे पोट बसत नाही. धंदा बंद झाला तर त्याला तोबरा कोण बांधणार? ज्यांनी मुंबईत बसून दया दाखवली ते काही दरमहा चंदी पाठवणार नाहीत. त्याच डोंगरावर माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत असे. हे माणुसकीला धरून नाही, सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला. तो योग्यच. माणसाला निदान न्यायालयात जाता येते, आणि रिक्षा सोडून दुसरे काम धरता येते. घोड्याला दोन्ही नाही. त्याचे गाऱ्हाणे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते, आणि ते वाचावयास कोणीतरी शिल्पकारासारखे पाहावे लागते. तो कलाशाळेतला तरुण सांगत होता, घोडा करताना सर्वांत आधी कान शिकावे लागतात. कान मागे दाबले की तो रागावला किंवा भ्याला, ताठ पुढे उभारले की काही ऐकतो आहे, दोन बाजूंना सैल सोडले की स्वस्थ आहे. कान चुकला तर सगळा घोडा खोटा. मोतद्दार पिढ्यान्‌पिढ्या हेच जाणतात. पाहत नाही तो बसणारा.

यंदाच्या माघात पुन्हा बोलावणे आले. या वेळी अमन लॉजला गाडी उभी होती, पण आम्ही त्या गृहस्थाच्या मुलाला शोधून काढले. घोडाही तोच होता. वीणा खोगिराला बांधली आणि आम्ही बाजूने चालू लागलो. भाडे आधीच दिले तर पोरगा घेईना. "महाराज, रिकाम्या घोड्याचं भाडं कसं घेऊ? बाबा ओरडतील." आम्ही म्हटले, "घे रे, वीणा चालली आहे ना त्याच्यावर." छडी त्याच्या काखेत होती, म्हणजे ती काही सुटली नव्हती. जांभ्याच्या त्या चढावर घोडा थबकला. पोरगा आमच्याकडे पाहून थांबला. घोड्याने दगड हुंगला, एक पाय टेकून पाहिला, काढला, दुसरीकडे टाकला आणि चढला. सगळा मिळून अर्धा मिनिट लागला असेल.

चढलो नाही ते आम्ही. बाजारपेठ अजून दूर होती आणि उजव्या गुडघ्याने पुढे येण्याचे साफ नाकारले. झाडाखालच्या दगडावर बसून घाम पुसला. एवढ्या पोथ्या वाचून शेवटी त्याच पाठीवर बसावयाचे, याची लाजही वाटत होती. पोरगा खोगिराचा पट्टा तपासून म्हणाला, "बसा आता, महाराज. तो तयार हाय."

"तुला कसे कळले?"

"कान बघा ना त्याचे."

आम्ही पाहिले. कान सैल, दोन बाजूंना सोडलेले होते. एकावर माशी बसली होती, ती त्याने झटकून टाकली.